‘करून पाहिलं की ९० टक्के लक्षात राहतं’: हा आकडा कुठून आला?

आयटीआयच्या निदेशकांना एक त्रिकोण हमखास दाखवला जातो: वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २०, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं. खाली नाव अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं. डेल यांनी १९४६ साली ‘अनुभवांचा शंकू’ मांडला खरा, पण त्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे नंतर चिकटवले गेले.

यातून नुकसान होतं ते पोरांचं. ‘करूनच शिकतील’ म्हणत त्यांना थेट वर्कशॉपमध्ये सोडलं जातं. फिटरचा पोरगा व्हर्निअर (जाडी-व्यास बारकाईनं मोजायचं, दोन जबड्यांचं साधन) हातात घेतो, जबडे करकचून दाबतो, तिरकं बघून वाचतो, झिरो एरर (जबडे मिटल्यावर शून्याऐवजी दिसणारा फरक) तपासतच नाही. अशी पन्नास मापं घेतली की चूकच हातात बसते, आणि उद्या वाळूजच्या कारखान्यात त्याच चुकीपायी जॉब (बनवलेला भाग) रिजेक्ट होतो.

म्हणून आधी जबडे मिटवून शून्याला शून्य जुळतं का ते बघायला लावा. मग एक माप फळ्यावर पूर्ण सोडवा: मुख्य पट्टीवर २४ मिमी, व्हर्निअरची १७वी रेघ जुळली, लीस्ट काउंट (साधनानं मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२ मिमी, म्हणजे २४ + १७ × ०.०२ = २४.३४. झिरो एरर अधिक ०.०४ असेल तर ती वजा करून २४.३०. दुसरं माप अर्धं सोडवून द्या. तिसरं पोरांनी तोंडानं सांगत घ्यावं. पहिले पाच-सहा प्रयत्न निदेशकाच्या डोळ्यांदेखत व्हावेत. मोकळा सराव त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी वह्या मिटून तीन मापं. घाईत हेच वगळलं जातं, पण असं आठवायला लावल्यानंच शिकलेलं टिकतं.