अंगावर येणारा शेरखान

'प्राण्यांचा सिनेमा आहे, मुलांना न्या की!' सुट्ट्या लागल्या की हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. एप्रिल 2016 मध्ये जॉन फॅवरो यांचा 'द जंगल बुक' आपल्याकडे लागला तेव्हाही ऐकू आलं. सेन्सॉर बोर्डाने त्याला 'यू' (सर्वांसाठी खुला) ऐवजी 'यूए' (लहान मुलांसाठी पालकांचं मार्गदर्शन हवं) प्रमाणपत्र दिलं आणि बोर्डाची भरपूर थट्टा झाली. थ्रीडीत प्राणी प्रेक्षकांच्या अंगावर येतात, हे तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांनी दिलेलं कारण तर विनोदाचा विषय झालं. मला ते कारण विज्ञानाच्या दृष्टीने अगदी नेमकं वाटतं. चार वर्षांच्या मुलासाठी सिनेमा निवडताना गोष्टीच्याही आधी हेच बघायला हवं: पडद्यावरचं जनावर अंगावर कसं येतं?

समजा, वाघ 20 मीटरवर आहे आणि सेकंदाला 10 मीटर वेगाने सरळ तुमच्याकडे येतोय. त्याच्या देहाचा तुमच्या डोळ्यापाशी होणारा कोन, अंतर निम्मं झालं की साधारण दुप्पट होतो. 20 मीटरचे 10 व्हायला एक सेकंद. 10 चे 5 व्हायला अर्धा. 5 चे अडीच व्हायला पाव. दुप्पट व्हायला लागणारा वेळ दर खेपेला निम्मा होतो, म्हणून प्रतिमा आधी सावकाश वाढते आणि शेवटी एकदम नजर व्यापून टाकते. आता गंमत बघा. कोणत्याही क्षणी त्या कोनाला त्याच्याच वाढीच्या वेगाने भागलं की उत्तर थेट सेकंदांत मिळतं: धडकेला किती वेळ उरलाय! वाघ केवढा, किती लांब, किती वेगात, यातलं काहीही ठाऊक असावं लागत नाही. एडिंबरोचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांनी 1976 मध्ये हे गणित मांडलं. या गुणोत्तराला 'टाऊ' म्हणतात. 1992 मध्ये तर कबुतराच्या मेंदूत अशा चेतापेशी सापडल्या, ज्या धडकेला ठरावीक वेळ उरला की संदेश सोडू लागतात. येणारी वस्तू लहान असो वा मोठी, हळू येवो वा जोरात.

ही यंत्रणा शिकवावी लागत नाही. 1962 मध्ये माकडांना पडद्यावर नुसती फुगत जाणारी सावली दाखवली, तर ती मागे उड्या मारून पळाली. सावली आकसत गेली तेव्हा नाही. 1971 मध्ये 2 ते 11 आठवड्यांच्या बाळांवर असाच प्रयोग झाला. यातल्या बऱ्याच बाळांची मानही अजून धरली नसेल, पण सावली समोरून वाढत आली की ती डोकं मागे घेत आणि हात चेहऱ्यासमोर आणत, अशी नोंद आहे. तीच सावली बाजूने निघून जाणारी असली, तर काही नाही.

मोबाइलवरही टाऊ तोच राहतो, कारण ते गुणोत्तर आहे. पण फोन हातात धरला की झेपावणारा वाघ 20-25 अंशांच्या चौकटीत अडतो. थिएटरात पुढच्या रांगांमध्ये तो जवळजवळ सगळी नजर व्यापतो, आणि थ्रीडीत चौकटीच्या बाहेरही येतो. एकच सिनेमा घरच्या टीव्हीवर दिवे लावून पाहणं आणि थ्रीडीत पाहणं, या लहान मुलाच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दचकतो आपणही. पण आपल्या कपाळामागचा मेंदूचा भाग लगेच लगाम घालतो. तो भाग विशी उलटेपर्यंत घडत असतो. शिवाय चार वर्षांचं मूल हेतूपेक्षा रूपावरून निवाडा करतं. 1980 च्या दशकात अमेरिकेत संशोधक जोआन कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना 'द इन्क्रेडिबल हल्क' मालिकेतला प्रसंग दाखवला. साधा माणूस हिरवा राक्षस होतो आणि संकटातल्यांना वाचवतो. 3 ते 5 वर्षांची मुलं त्या वाचवणाऱ्या राक्षसालाच सर्वांत जास्त घाबरली. 9 ते 11 वर्षांच्या मुलांना भीती वाटली ती आधी, माणसं संकटात असताना. म्हणजे 'जंगल बुक' बघताना धाकट्याला अवाढव्य वानर किंग लुई पडद्यावर दिसणंच जड जाईल. थोरलीला लांडग्यांचा म्होरक्या अकेला याचा मृत्यू रात्री आठवेल. एकाच घरातल्या दोन मुलांना एकाच सिनेमात वेगवेगळ्या जागी भीती वाटते. हिंदी आवृत्तीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. दूरदर्शनच्या मोगलीपासून तो आपल्या ओळखीचा, म्हणून आपण सुखावतो. मुलाला ती ओळख नाही, त्याला गुरगुरच ऐकू येते.

मग आपण समजूत घालतो, 'अरे, खोटं आहे ते.' मोठ्या मुलांना याचा उपयोग होतो, चिमुरड्यांना फारसा नाही. बार्बरा विल्सन आणि कँटर यांनी सापांचा प्रसंग दाखवण्याआधी मुलांना सांगून पाहिलं की बहुतेक साप विषारी नसतात. बालवाडीच्या वयाची मुलं उलट जास्त घाबरली. 'बहुतेक' आणि 'नसतात' मागे राहिलं, मनात उरलं ते 'विषारी'. या वयात कामाला येते ती मांडी, पांघरूण, पाणी, जवळचं खेळणं. रात्री मूल दचकून उठलं की मीठ-मोहरीने दृष्ट काढतात आणि मूल शांत होतं. ते होतं कारण आईने किंवा आजीने जवळ घेतलेलं असतं. मीठ-मोहरीचा त्यात काडीचाही वाटा नाही, आणि मुलाला 'तुला नजर लागली' असं सांगून आपण एक नवी भीती मात्र देतो.

2023 च्या कायदादुरुस्तीनंतर 'यूए'चे 7+, 13+ आणि 16+ असे भाग झाले आहेत. हा आकडा जरूर पाहा, पण ट्रेलरही आवाज चालू ठेवून एकदा स्वतः बघा. जनावर कॅमेऱ्याकडे किती वेळा धावतं? ओळखीचं पात्र रूप बदलतं का? पिल्लू आईपासून तुटतं का, आणि तुटलं तर किती वेळाने परत भेटतं? पाच वर्षांखालचं मूल असेल तर थ्रीडी सोडा, मागच्या रांगेत कडेची खुर्ची घ्या, आणि त्याने 'बाहेर जाऊ' म्हटलं की तिकिटाच्या पैशांचा विचार न करता उठा.