अन्ननलिकेचा कॅन्सर : रक्तातल्या खुणांची पार्श्वभूमी

विदर्भात खेड्यातल्या पानठेल्यावर उभं राहिलं की खर्रा घोटण्याचा आवाज आधी कानावर येतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून चांगलं रगडायचं, पुडी बांधायची आणि दिवसभर गालात. 2012 ला गुटखाबंदी आली, घोटणं काही थांबलं नाही. यातून तोंडाचा कॅन्सर होतो हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण तंबाखू-सुपारीच्या विड्याने अन्ननलिकेचाही कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्येच नोंदवलं. त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

हा रोग आधी कळत नाही. नळी लवचीक असते, बरीच अरुंद होईपर्यंत घास उतरत राहतो. मग माणूस भाकर वरणात कुस्करून खातो, पुढे नुसत्या वरणाच्या पाण्यावर येतो, आणि तेव्हा कुठे दवाखान्याची आठवण होते. तोवर उशीर झालेला असतो.

लवकर पकडण्याची धडपड जुनी आहे. चीनच्या हेनान प्रांतात हा रोग अतोनात. तिथे 1960 च्या सुमारास शेन छ्योंग या डॉक्टरांनी जाळी लावलेला फुगा गिळायला देऊन, तो फुगवून वर ओढत पेशी खरवडून काढायची युक्ती केली. पुढे घशातून आत सोडायची दुर्बीण आणि अस्तरावर फवारायचं आयोडीन आलं : निरोगी अस्तर तपकिरी होतं, बिघडलेला भाग फिका राहतो. दोन्ही पद्धती कामाच्या, पण गिळायला कोणाला आवडतं?

म्हणून रक्ताकडे नजर वळली : कॅन्सरची खूण सांगणारा पदार्थ, म्हणजे 'मार्कर', रक्तात सापडतो का? 1965 मध्ये माँट्रियलला सीईए नावाचं असं एक प्रथिन सापडलं, तेही मोठ्या आतड्याच्या गाठीत. 1977 मध्ये जपानमध्ये एससीसी अँटिजेन हे दुसरं प्रथिन मिळालं, ते गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून. अन्ननलिकेच्या वाट्याला अशी उसनवारीच आली. त्यात बिडी ओढणाऱ्याचं सीईए कॅन्सर नसतानाही थोडं वाढलेलं असू शकतं. 'कॅन्सर मार्कर'चं पॅकेज विकणाऱ्या लॅबवाल्यांनी हे आधी सांगायला हवं.

रक्तात सुटे डीएनए तरंगतात हे फ्रान्समध्ये 1948 मध्येच दिसलं होतं; त्यातला गाठीचा अंश वाचायला पुढची अनेक दशकं गेली. 2018 च्या 'कॅन्सरसीक' चाचणीने असे डीएनए आणि प्रथिनं एकत्र तपासली. अन्ननलिकेच्या कॅन्सरचे, दूर पसरण्याआधीचे पहिले तीन टप्पे धरून साधारण 69 टक्के रुग्ण सापडले. पहिल्या टप्प्यातले फक्त 20 टक्के. म्हणजे जिथे गरज सर्वांत जास्त, तिथेच चाचणी लंगडी.

आपल्याकडे 2016 पासूनच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, अन्ननलिका नाही. रक्ताचा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रातही घेता येतो, त्यामुळे आशा वाटणं साहजिक आहे. पण समजा हजारात एकालाच रोग आहे आणि चाचणी शंभरात एकदा निरोग्याला चुकून रोगी ठरवते. तर त्या एका रुग्णापायी दहा धडधाकट माणसांना भामरागडहून नागपूर किंवा सेवाग्रामला दुर्बिणीसाठी पाठवावं लागेल, तेही रोजी बुडवून.