क्रमाची गॅरंटी नाही, मग ते नीट लिहा ना

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत १, २, ८ हे आकडे एका सेटमध्ये, म्हणजे क्रमाची हमी नसलेल्या संग्रहात, टाका आणि प्रिंट करा, बाहेर येतात ८, १, २. बग वाटतो, पण नाहीये. सेटच्या आत हॅश टेबल, म्हणजे नंबर दिलेल्या खणांची रांग असते, छोट्या सेटला सुरुवातीला ८ खण मिळतात, आणि आकड्याला ८ ने भागून जी बाकी उरते त्या नंबरच्या खणात तो जाऊन बसतो. ८ ची बाकी शून्य, म्हणून तो सगळ्यात पुढे. आता ८ आणि १६ घ्या, दोघांनाही शून्य नंबरचाच खण हवा, मग जो आधी आला त्याला तो मिळतो आणि दुसरा पुढे सरकतो. म्हणजे ८, १६ आणि १६, ८ असे दोन सेट केले तर पायथॉन म्हणणार दोन्ही समान आहेत, पण प्रिंट होणार वेगवेगळ्या क्रमाने!

खरा घोळ होतो तो १, २, ३ टाकल्यावर, कारण तेव्हा १, २, ३ च मिळतात. कितीही वेळा रन करा, तेच. मग माणूस बिनधास्त त्या क्रमावर टेस्ट, म्हणजे प्रोग्रॅम तपासणारा कोड, लिहून मोकळा होतो. जावा भाषेच्या हॅशमॅपचं, म्हणजे की (नाव) आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या ठेवणाऱ्या संग्रहाचं, असंच झालं, क्रमाची गॅरंटी नाही हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं, तरी २०१४ मध्ये जावा ८ आल्यावर क्रमावर विसंबलेल्या टेस्ट फेल व्हायला लागल्या. नुसतं लिहून भागत नाही, कारण लोक डॉक्युमेंटेशन नंतर वाचतात, आउटपुट आधी बघतात.

गो भाषेने यावर केलेला उपाय मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. २०१२ च्या गो १ पासून मॅपवर (गोमधला तसाच जोड्यांचा संग्रह) लूप फिरवला, म्हणजे एकेक जोडी घेत गेलं, की सुरुवात मुद्दाम रँडम जागेवरून होते, त्यामुळे चुकीची सवय लागायला वावच नाही. पायथॉनची डिक्शनरी, म्हणजे तिथला जोड्यांचा संग्रह, बरोबर उलट्या वाटेने गेली. ३.६ मध्ये मेमरी वाचवायला आतली रचना बदलली, त्यात आयताच टाकलेला क्रम टिकायला लागला, यावर विसंबू नका असं सांगूनही लोक विसंबलेच, आणि २०१८ च्या ३.७ मध्ये तीच भाषेची अधिकृत गॅरंटी झाली. सेटला मात्र ती अजून नाही.

आणि 'क्रम नाही' एवढंच लिहिणंही अपुरं आहे. पायथॉन २ मध्ये डिक्शनरीला क्रम नव्हता, पण मधे काही बदललं नाही तर कीजची यादी आणि व्हॅल्यूजची यादी एकमेकींशी जुळतीलच हे लिहून दिलेलं होतं, त्यामुळे दोन्ही वेगवेगळ्या घेऊन जोड्या लावता यायच्या. गोमध्ये तेच करायला जाल, एका लूपमध्ये कीज आणि दुसऱ्यात व्हॅल्यूज गोळा कराल, तर जोड्या चुकतील, कारण एकाच मॅपवरच्या लागोपाठच्या दोन लूपमध्येही क्रम तोच राहील असं गो म्हणत नाही.