माराकेशच्या अमलची गोष्ट सुरू होते कासाब्लांकात

मोरोक्कोतल्या माराकेश शहराच्या गेलिझ भागातलं अमल हे रेस्टॉरंट आता टुरिस्ट लोकांना चांगलंच माहितीये, शुक्रवारचा कुसकुस (गव्हाच्या रव्याचे वाफवलेले बारीक दाणे, वर भाज्या किंवा मटण) तर तिथला फेमस, पण ते मुळात ट्रेनिंग सेंटर आहे आणि किचनमध्ये शिकणाऱ्या बायका म्हणजे कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं सोडलेली, कुणी लग्न न होता आई झालेली. अमल म्हणजे अरबीत आशा. पण ही कल्पना एकदम आभाळातून पडलेली नाही, तिची मुळं बरीच मागं जातात.

मोरोक्कोत दंडसंहितेचं कलम ४९० आहे, लग्नाबाहेरचा शरीरसंबंध हाच गुन्हा, १ महिना ते १ वर्ष कैद. म्हणजे पोटात मूल असलेली पोरगी मदत मागायला गेली तरी आधी तीच आरोपी, घरचे दार लावून घेतात आणि मग मूल टाकून देण्याशिवाय काय उरतं तिच्याकडे? कासाब्लांकातल्या आयशा एश-शन्ना सरकारी सोशल वर्कच्या कामात होत्या, तिथं त्यांनी एका आईला अंगावर पिणारं बाळ ओढून बाजूला करून देऊन टाकताना पाहिलं, दूध त्या बाळाच्या तोंडावर उडालं आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, हे त्या पुढं आयुष्यभर सांगायच्या. मला तरी या सगळ्याची खरी सुरुवात तीच रात्र वाटते.

१९८५ मध्ये त्यांनी सॉलिडारिते फेमिनिन ही संस्था काढली. बाळ आईजवळच राहिलं पाहिजे हा हट्ट, आणि त्यासाठी आईच्या हातात स्वतःचा पैसा पाहिजे, म्हणून रेस्टॉरंट, मिठाई-बेकरी, पुढं हम्माम म्हणजे सार्वजनिक वाफेचं स्नानगृह. कट्टर लोकांच्या धमक्या आल्या तरी त्या मागं हटल्या नाहीत. २००९ ला समाजसेवेसाठीचं ओपस प्राइझ मिळालं, १० लाख डॉलर. २०२२ मध्ये त्या गेल्या.

आता किचनच का? कारण शाळा न पाहिलेल्या बाईलासुद्धा रांधणं येतंच, फक्त त्याला कुणी कसब म्हणत नाही. मोरोक्कोच्या श्रीमंत वाड्यांत तर सगळा स्वयंपाक 'दादा' बघायच्या (आपला दादा नव्हे, तिकडं स्वयंपाकीणबाईला दादा म्हणतात), त्यातल्या कित्येकजणी सहारापलीकडून गुलाम म्हणून आणलेल्या किंवा त्यांच्या लेकी-नाती, आज जगभर ज्याचं कौतुक होतं ते जेवण त्यांच्या हातचं आणि नाव मात्र घराण्याचं, याचा मला फार राग येतो.

२००४ ला मुदव्वना म्हणजे कुटुंब कायदा बदलला, लग्नाचं वय १८ झालं, सज्ञान बाईला लग्नासाठी पुरुष पालकाची सक्ती राहिली नाही, पण कलम ४९० तसंच राहिलं आणि कमाईचा प्रश्न तर कायद्यानं सुटणारा नव्हताच.

त्यानंतर २०१२ च्या सुमारास नोरा फिट्झजेराल्ड बेलाहसेन यांनी अमल उभं केलं, आईवडील अमेरिकन पण त्या मोरोक्कोतच वाढलेल्या. इथं बाईला कायम ठेवून घेत नाहीत, काही महिने स्वयंपाक, स्वच्छता, सर्व्हिस असं सगळं शिकवायचं आणि मग हॉटेलात, रियादमध्ये (म्हणजे जुन्या वाड्यांतल्या गेस्टहाऊसमध्ये) पगाराच्या नोकरीला लावायचं, तिची जागा पुढची बाई घेते.