बेसबॉलच्या सिम्युलेशन खेळांत धावपटूच्या वेगाचे रेटिंग किती अचूक असते?

२०२५ च्या हंगामात अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये जॉश नेलर या खेळाडूने ३२ वेळा बेस चोरण्याचा प्रयत्न केला आणि त्यांपैकी ३० वेळा तो सुखरूप पोहोचला. त्याच हंगामात मैदानावरील कॅमेऱ्यांनी नोंदवलेला त्याचा धावण्याचा वेग मात्र सेकंदाला सुमारे २४.४ फूट होता. लीगमधील सर्वसाधारण खेळाडू सेकंदाला २७ फूट धावतो, म्हणजे नेलरची गणना अगदी संथ खेळाडूंत होते. फाशांवर किंवा संगणकावर बेसबॉलचा हंगाम जसाच्या तसा उभा करू पाहणाऱ्या खेळाच्या निर्मात्याला या नेलरच्या नावापुढे वेगाचा एक आकडा लिहावा लागतो. पाय पाहिले तर तो आकडा तळाचा असायला हवा आणि निकाल पाहिला तर वरचा. शिवाय दोहोंपैकी कोणताही एक लिहिला, तरी खेळातला नेलर खऱ्या नेलरसारखा खेळणार नाही.

बेसबॉल फारसा न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायचे, तर मैदानावरचे चार बेस ९० फूट बाजूच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असतात. क्रिकेटच्या खेळपट्टीवरील दोन क्रीजमध्ये ५८ फुटांचे अंतर असते, त्याच्या दीडपटीहून हे अंतर थोडे अधिक भरते. पिचर बॅटरकडे चेंडू टाकत असतानाच पहिल्या बेसवरचा धावपटू दुसऱ्या बेसकडे पळत सुटतो, कॅचर चेंडू पकडून दुसऱ्या बेसकडे फेकतो आणि चेंडूच्या आधी धावपटू पोहोचला, तर त्याने बेस चोरला असे म्हणतात. वेगाचे रेटिंग एवढ्यासाठीच लागते असे नाही. सहकाऱ्याच्या एकेरी (बॅटरला एक बेस मिळवून देणाऱ्या) फटक्यावर पहिल्या बेसवरून थेट तिसरा गाठणे, दुहेरी (दोन बेसच्या) फटक्यावर पहिल्यावरून घरापर्यंत, म्हणजे धाव पूर्ण होते त्या चौथ्या बेसपर्यंत येणे, जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर दोघे बाद होण्याची नामुष्की टाळणे आणि क्षेत्ररक्षणात लांबचा झेल गाठणे, या सगळ्यांत वेग लागतो.

कार्डे आणि फासे घेऊन हा हिशेब मांडण्याची परंपरा जुनी आहे. डिक सिट्झ यांनी १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथून एपीबीए हा खेळ बाजारात आणला. त्यात वेगासाठी जलद आणि संथ अशा दोनच खुणा होत्या, आणि बाकीचे सगळे खेळाडू मधले. हॅल रिचमन यांच्या १९६१ मधील स्ट्रॅट-ओ-मॅटिक या खेळाची रीत अधिक बारकाईची आहे. तिथे अतिसंथ खेळाडूला १-८ च्या आसपास, तर अतिजलद खेळाडूला १-१७ असे धावण्याचे रेटिंग मिळते. धावपटू जादा बेस घेण्याच्या प्रयत्नात असताना १ ते २० मधील एक आकडा काढायचा, चेंडू फेकणाऱ्या आउटफिल्डरच्या (मैदानाच्या दूरच्या भागातील क्षेत्ररक्षकाच्या) हाताच्या ताकदीनुसार रेटिंगमध्ये भर किंवा वजाबाकी करायची, आणि आकडा त्या मर्यादेत पडला तर धावपटू सुखरूप. म्हणजे मूळ शक्यता ४० टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत आणि प्रत्येक पायरी ५ टक्क्यांची. ही पायरी भरड वाटेल, परंतु एका हंगामात एका धावपटूला अशा जेमतेम वीस-तीस संधी मिळतात आणि एवढ्या थोड्या नमुन्यावर काढलेली टक्केवारी निव्वळ योगायोगाने दहा टक्के इकडे-तिकडे होऊ शकते. हाती असलेली माहिती जेवढी बारीक असेल तेवढीच पट्टी बारीक ठेवणे, ही माझ्या मते या जुन्या खेळांची मोठी शास्त्रीय शिस्त होती.

निकालावरून वेग काढण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न बिल जेम्स यांचा आहे. त्यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या ‘स्पीड स्कोअर’मध्ये सहा घटक आहेत: बेस चोरण्यातील यशाचे प्रमाण, चोरीच्या प्रयत्नांची वारंवारता, तिहेरी फटके, बेसवर आल्यानंतर धाव पूर्ण करण्याचे प्रमाण, दुहेरी बाद होण्याचे प्रमाण आणि क्षेत्ररक्षणातील जागा. यातील पहिल्या घटकाची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. यशस्वी चोऱ्यांमध्ये ३ मिळवायचे, एकूण प्रयत्नांमध्ये ७ मिळवायचे, भागाकार करायचा, त्यातून ०.४ वजा करायचे आणि उरलेल्या संख्येला २० ने गुणायचे. हे ३ आणि ७ उगाच आलेले नाहीत. दोनदा प्रयत्न करून दोन्ही वेळा यशस्वी झालेल्या खेळाडूचे प्रमाण १०० टक्के दिसते, पण त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. जेम्स यांच्या सूत्रात त्याचे प्रमाण ९ पैकी ५ होते आणि गुण १० पैकी साधारण ३.१ एवढेच मिळतात. थोड्या पुराव्याला थोडेच वजन देण्याची ही युक्ती संख्याशास्त्रात सर्वत्र वापरली जाते आणि चांगल्या रेटिंगचा तो पहिला गुण आहे.

या सूत्रात नेलरचे आकडे घातले, तर ३९ पैकी ३३, म्हणजे ८४.६ टक्के येतात आणि या घटकात त्याला जवळजवळ ८.९ गुण मिळतात. आता दुसऱ्या टोकाचा खेळाडू घेऊ. ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचे मालक चार्ली फिनली यांनी १९७४ मध्ये हर्ब वॉशिंग्टन या धावपटूला केवळ बदली धावपटू म्हणून संघात घेतले. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा हा खेळाडू कमी अंतराच्या इनडोअर शर्यतींत जागतिक दर्जाचा होता. दोन हंगामांत तो १०५ सामन्यांत उतरला, पण एकदाही बॅट घेऊन उभा राहिला नाही. १९७४ मध्ये त्याने २९ बेस चोरले आणि १६ वेळा तो बाद झाला. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, दुसऱ्या सामन्यात अगदी मोक्याच्या क्षणी माइक मार्शल या पिचरने त्याला पहिल्या बेसवरच गाफील पकडले. जेम्स यांच्या सूत्राने त्याला या घटकात साधारण ४.३ गुण मिळतात. इतर घटकांपैकी बहुतेक तर काढताच येत नाहीत, कारण ते बॅटरच्या फटक्यांच्या संख्येने भागावे लागतात आणि इथे ती संख्या शून्य आहे. शर्यतीच्या मैदानावर ज्याच्या जवळपासही नेलर पोहोचला नसता, त्याच्या दुपटीहून अधिक गुण नेलरला मिळतात.

सूत्र चुकले असे म्हणण्याआधी ही चोरी घडते कशी, हे घड्याळ लावून पाहिले पाहिजे. पिचरची हालचाल सुरू झाल्यापासून चेंडू कॅचरच्या हातात पडेपर्यंत साधारण १.३ सेकंद जातात आणि कॅचरने तो दुसऱ्या बेसवर पोहोचवेपर्यंत आणखी २ सेकंद. एवढ्या ३.३ सेकंदांत धावपटूला आपले काम उरकायचे असते. तो आधीच बेसपासून दहा-बारा फूट पुढे सरकलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्ष धावायचे अंतर ७८ ते ८० फूट राहते. सेकंदाला २७ फूट आणि २४.४ फूट या दोन वेगांमध्ये एवढ्या अंतरात सुमारे ०.३ सेकंदाचा फरक पडतो. पिचरच्या खांद्याची किंवा टाचेची पहिली हालचाल ओळखून एखाद्याने ०.२ सेकंद आधी पाऊल उचलले आणि बेसपासून तीन फूट जास्त पुढे उभे राहण्याचे धाडस केले, तर हा फरक भरून निघतो. वॉशिंग्टनला शर्यतीच्या बंदुकीची सवय होती. पिचर बंदूक वाजवून सुरुवात करत नाही. शिवाय धावपटू थांबलेल्या अवस्थेतून सुटतो, म्हणजे या अंतराचा बराचसा भाग वेग वाढवण्यातच जातो आणि कमाल वेगाने तो शेवटची काही पावलेच टाकतो.

कमाल वेगाचे मोजमाप आता उत्तम होते, यात शंका नाही. २०१५ पासून लीगच्या सर्व ३० मैदानांवर स्टॅटकास्ट ही यंत्रणा बसवलेली आहे आणि २०२० पासून ती हॉक-आयच्या १२ कॅमेऱ्यांवर चालते. तिच्या ‘स्प्रिंट स्पीड’ची व्याख्या खेळाडूच्या सर्वांत जलद एका सेकंदात कापलेले अंतर अशी आहे. दोन किंवा अधिक बेस धावलेल्या दौडी आणि हळू लागलेल्या फटक्यावर पहिल्या बेसपर्यंत जीव तोडून मारलेल्या दौडी निवडल्या जातात आणि त्यांपैकी चांगल्या दोन-तृतीयांश दौडींची सरासरी घेतली जाते. ३० फूट म्हणजे अव्वल, २३ फूट म्हणजे अगदी संथ. हे मोजमाप थोड्याशा दौडींतच स्थिरावते आणि दर वर्षी फारसे उड्या मारत नाही, त्यामुळे चोरीच्या टक्केवारीपेक्षा ते कितीतरी विश्वासार्ह आहे. एमएलबी द शो यासारख्या व्हिडिओ खेळात वेग ० ते ९९ च्या पट्टीवर दाखवतात. २३ ते ३० फुटांचा सगळा पल्ला त्या पट्टीवर पसरला, तर एक गुण म्हणजे सेकंदाला २ सेंटिमीटर होतो. कॅमेऱ्याच्या मोजणीला ही बारीक पट्टी कदाचित पेलेल. चोरीच्या किंवा तिहेरी फटक्यांच्या आकड्यांवरून काढलेल्या रेटिंगला ती मुळीच पेलणार नाही, आणि ७३ मोठे की ७५ यावर रसिक तासन्‌तास वाद घालतात तेव्हा त्या दोन गुणांच्या मागे मोजलेले असे काही नसते.

तथापि व्याख्या नीट वाचली, तर त्यात काय नाही हेही कळते. सुरुवातीचा झटका त्यात नाही, पिचरला वाचण्याची नजर नाही, बेसला वळसा घालताना वेग न गमावण्याचे कौशल्य नाही आणि धावावे की थांबावे हा निर्णयही नाही. निर्णयाचा मुद्दा रेटिंग करणाऱ्याला सर्वांत जास्त चकवतो. एकेरी फटक्यावर जादा बेस घ्यायला निघालेल्या खेळाडूंपैकी किती सुखरूप पोहोचले हे मोजले, तर जलद आणि संथ दोघांचेही प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे आढळते. याचे कारण असे की संथ खेळाडू खात्री असल्याखेरीज निघतच नाही, तर जलद खेळाडू अवघड संधीही घेतो. वेगाची खूण प्रयत्नांच्या संख्येत उमटते, यशाच्या प्रमाणात ती पुसली जाते. म्हणून आउट ऑफ द पार्क बेसबॉल या १९९९ पासूनच्या संगणकीय खेळात धावण्याचा वेग, चोरीचे कौशल्य, चोरीचा प्रयत्न करण्याची प्रवृत्ती आणि बेसवरील समज यांची रेटिंग वेगवेगळी ठेवलेली आहेत. एकाच आकड्यात हे सगळे कोंबणाऱ्या खेळापेक्षा ही रचना मला निःसंशय अधिक प्रामाणिक वाटते. तिच्यात नेलरला तळाचा वेग आणि वरचे चोरीचे कौशल्य एकाच वेळी देता येते, आणि म्हणूनच दुहेरी फटक्यावर पहिल्यावरून घर गाठण्याचा भलताच पराक्रम तो संगणकावर करत नाही.

परिस्थितीचा वाटाही निकालात मिसळलेला असतो. तिहेरी फटके मैदानाच्या आकारावर अवलंबून असतात. डेन्व्हरच्या कूर्स फील्डचे आउटफिल्ड विस्तीर्ण असल्याने तिथल्या खेळाडूच्या पायांना जास्तीचे श्रेय मिळते. डाव्या हाताचा बॅटर पहिल्या बेसच्या जवळ उभा असतो, म्हणून तो दुहेरी बादमध्ये कमी सापडतो. सर्वांत मोठा धक्का २०२३ च्या नियमांनी दिला. बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच झाली, त्यामुळे पहिल्या व दुसऱ्या बेसमधले अंतर साडेचार इंचांनी घटले, आणि धावपटूला रोखण्यासाठी पिचरला मिळणाऱ्या संधी एका बॅटरमागे दोनवर आल्या. २०२२ मध्ये लीगभर २,४८६ बेस चोरले गेले होते. २०२३ मध्ये ३,५०३. यशाचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. वर्षभरात पाय बदलले नव्हते, बदलली होती ती चोरीच्या जोखमीची किंमत. २०२२ च्या आकड्यांवर बसवलेले चोरीचे रेटिंग पुढच्या वर्षी सगळ्यांच्याच बाबतीत कमी भरले, तर मोजलेला वेग जसा होता तसाच अचूक राहिला.

अचूकता तपासायची तर एखाद्या हंगामाचा निकाल खऱ्याशी तंतोतंत जुळला का, एवढे पाहून भागत नाही. तोच हंगाम संगणकावर हजार वेळा खेळवावा आणि खरा आकडा त्या हजार निकालांच्या पसाऱ्यात कुठे पडतो हे पाहावे. नेलरचे खरे कौशल्य ८५ टक्के मानले, तर ३२ प्रयत्नांत ३० किंवा अधिक यश मिळण्याची शक्यता सुमारे १२ टक्के येते, म्हणजे आठात एकदा. त्याचे ३० यश त्या रेटिंगला खोटे ठरवत नाहीत. उलट प्रत्येक वेळी बरोबर ३० च चोऱ्या करून दाखवणारा खेळ योगायोगालाच कौशल्य समजून बसलेला आहे, असे मानावे लागते.

कॅमेऱ्यांच्या आधीच्या काळात मात्र निकालांखेरीज हाती काही नाही आणि निकालही अपुरे आहेत. चोरी करताना बाद झालेल्यांची अधिकृत नोंद नॅशनल लीगने (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाने) १९२६ ते १९५० या काळात ठेवलीच नव्हती. मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत १९४७ मध्ये ओलांडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनची ऐन उमेदीची वर्षे नेमकी याच काळातली आहेत. त्या वर्षी २९ आणि १९४९ मध्ये ३७ चोऱ्या करून तो लीगमध्ये पहिला आला. प्रयत्न किती फसले, हा अधिकृत रकाना मात्र रिकामा. १९८९ मध्ये सुरू झालेल्या रेट्रोशीट या संस्थेचे स्वयंसेवक जुन्या स्कोअरशीट आणि वृत्तपत्रांतील वर्णने जमवून एकेका सामन्यातील प्रत्येक चाल पुन्हा उभी करत आले आहेत. रॉबिन्सनच्या कार्डावर चोरीचे रेटिंग लिहिताना सूत्राच्या छेदात घालायचा आकडा त्यांच्या या कामातूनच येतो.