दुकानातल्या दिव्याखाली व्हिडिओ का लुकलुकतो?

दादरच्या हिंदमाता बाजारातल्या एखाद्या दुकानात मोबाइलवर साडीचा व्हिडिओ काढला, तर पुष्कळदा मागच्या भिंतीवर करड्या आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. समोर उभं राहून पाहताना त्या दिसत नाहीत. मग दोष मोबाइलला दिला जातो, नवा घेतला जातो आणि पट्ट्या तशाच राहतात. त्यांचं मूळ विजेत आहे.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो, म्हणून जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. स्वस्त एलईडीचंही बहुधा तेच होतं, कारण वीज सपाट करणारा कपॅसिटर तिच्यात लहान असतो किंवा नसतोच. डोळ्याला हा वेग जाणवत नाही. मोबाइलचा सेन्सर मात्र अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही, एकेक ओळ वाचत जातो. काही ओळींच्या वाट्याला दिव्याचा उजेड जास्त येतो, काहींच्या कमी. त्याच या पट्ट्या.

उपाय साधा आहे. दिव्याचं एकदा उजळणं-मंदावणं म्हणजे एक स्पंदन, आणि प्रत्येक ओळीला अशी पूर्ण स्पंदनं मिळाली पाहिजेत. शटर, म्हणजे ओळीवर उजेड पडू देण्याचा वेळ, १/१०० सेकंद ठेवलं की एक स्पंदन मिळतं, १/५० ठेवलं की दोन. १/६० ठेवलं तर एक पूर्ण आणि दुसऱ्याचा दोन तृतीयांश तुकडा मिळतो आणि तो तुकडा प्रत्येक ओळीला वेगळा येतो. इंटरनेटवर ‘३० फ्रेम्स (सेकंदाला ३० चित्रं), शटर १/६०’ हा सल्ला सर्रास सापडतो. तो अमेरिकेसाठी बरोबर आहे, तिथली वीज ६० आवर्तनांची आहे. मुंबईत तोच सल्ला पाळणाऱ्याचं नुकसान होतं.

अँड्रॉइडच्या प्रो व्हिडिओ मोडमध्ये २५ फ्रेम्स आणि शटर १/५० लावा. २५ चा पर्याय नसेल तर ३० चालतील, शटर मात्र १/५० किंवा १/१००च हवं. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ, आणि तिथे ‘शो पाल फॉरमॅट्स’ सुरू करा, म्हणजे २५ फ्रेम्सचा पर्याय येतो. त्याच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात शटर हाताने ठरवता येत नाही, पण २५ फ्रेम्सवर प्रत्येक फ्रेमला नेमकी चार स्पंदनं येतात. त्यामुळे पट्टी राहिलीच तरी जागची हलत नाही, आणि न हलणारी पट्टी फारशी खुपत नाही.

स्लो मोशनला ही युक्ती लागू पडत नाही. २४० फ्रेम्सवर एका फ्रेमला जास्तीत जास्त १/२४० सेकंद मिळतो, म्हणजे एका स्पंदनाच्या अर्ध्याहूनही कमी. कढईत पडणारा वडा संथ दाखवायचा असेल तर दिवसाउजेडी दाराजवळ दाखवा. हाच दोष दिवा घेताना मात्र उपयोगी पडतो. लोहार चाळीत एलईडी पॅनल विकत घेण्याआधी तो लावायला सांगा आणि त्याच्यावर २४० फ्रेम्सचा स्लो मोशन घ्या. उजेड धडधडताना दिसला तर तो पॅनल घेऊ नका. पांढऱ्या ६५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) ट्यूबखाली पिवळा २७०० केल्विनचा बल्ब मिसळू नका. साडीचा खरा रंग मग एडिटिंगमध्येही परत मिळत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा यासाठीची रंगांची सेटिंग, ऑटोवर न ठेवता एका आकड्यावर पक्का करा.

पट्ट्या गेल्या तरी अपलोड केल्यावर चित्र चौकोनी ठिपक्यांत फुटतं, ही दुसरी तक्रार. अ‍ॅप तुमची फाइल पुन्हा दाबून लहान करतं. त्यात पूर्ण चित्र अधूनमधूनच पाठवलं जातं. मधल्या फ्रेम्ससाठी फक्त काय बदललं, काय सरकलं एवढंच लिहिलं जातं. मोबाइल हातात हलत असेल तर सगळंच बदलतं आणि ठरावीक डेटा चित्रभर पातळ पसरतो. ट्रायपॉडवर मागची भिंत स्थिर राहते, तिचा वाटा पदराच्या जरीला मिळतो. वाफ, पाऊस आणि टिकल्यांचं काम यांची सर्वांत जास्त वाताहत होते, कारण त्यांच्या हालचालीचा अंदाज बांधता येत नाही. उकडीच्या मोदकांची वाफ दाखवायची तर मागे गडद रंग ठेवा, उजेड वाफेच्या मागून द्या आणि बाकी काहीही हलू देऊ नका. काढलेली फाइल एडिटरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ती वाटेतच एकदा दाबली जाते.

पावसाळ्यात एसी दुकानातून फुटपाथवर आल्यावर लेन्स धुकटते. जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो आणि मोबाइल त्याहून गार झालेला असतो. पुसून उपयोग नाही, काच गार असेतो दव पुन्हा धरतं. मोबाइल दहा-पंधरा मिनिटं पिशवीत बंद ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

आता बघणाऱ्याचा विचार. नजर हालचालीकडे आपोआप वळते, म्हणून पहिल्या फ्रेममध्येच काम चालू असलेलं हवं: पारीला कळी पडते आहे, निरीची घडी बसते आहे. दुकानाची पाटी आणि नमस्कार नंतर. लोकलमध्ये अनेक जण आवाज बंद ठेवूनच पाहतात, त्यामुळे भाव आणि नाव अक्षरांतही लिहा. १०८० बाय १९२० च्या उभ्या चौकटीचा खालचा तिसरा हिस्सा अक्षरांसाठी वापरू नका, तिथे अ‍ॅपचा मजकूर आणि बटणं येतात.

आवाजाकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि सर्वांत जास्त व्हिडिओ तिथेच पडतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. कॉलर माइक तोंडापासून १५ सेंटिमीटरवर असतो, मोबाइल १२० वर. म्हणजे तीनदा दुप्पट, १८ डेसिबलचा फरक. रस्त्यावरच्या हॉर्नला हे अंतर किरकोळ, तो दोन्हीकडे जवळपास तेवढाच येतो. साधा वायरचा कॉलर माइकही हा फरक भरून काढतो. ब्लूटूथ इअरबडचा माइक वापरू नका: हँड्सफ्री जोडणीत आवाज टेलिफोनसारखा दबतो आणि उशिरा पोहोचतो.

उशीर किती चालतो हे मोजलेलं आहे. आवाज ओठांच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला की खटकू लागतो, मागे राहिला तर सुमारे १२५ पर्यंत लक्षात येत नाही. निसर्गात आवाज प्रकाशाच्या मागूनच येतो, मेंदूला त्याची सवय आहे. २५ फ्रेम्सवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, तेव्हा वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज जुळवताना शंका आली तर तो एक फ्रेम उशिरा येईल असा सरकवा, लवकर नको.