अलायंझ अरेना

अलायंझ अरेना हे जर्मनीतील म्युनिक शहराच्या उत्तर टोकाला, फ्रॉटमानिंग भागात असलेले फुटबॉल स्टेडियम असून ते बायर्न म्युनिक या क्लबचे घरचे मैदान आहे. ते २००५ साली खुले झाले. त्यापूर्वी बायर्न आणि १८६० म्युनिक हे शहरातील दोन्ही क्लब १९७२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये खेळत. तंबूसारख्या छतामुळे ती वास्तू आजही देखणी वाटते. परंतु मैदानाभोवतीच्या धावण्याच्या ट्रॅकमुळे प्रेक्षक खेळापासून लांब पडत. केवळ फुटबॉलसाठी नवे स्टेडियम उभारण्याच्या प्रस्तावाला ऑक्टोबर २००१ मधील सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी कौल दिला. आराखडा हेर्त्सोग आणि द म्युरॉन या स्विस वास्तुरचनाकारांचा आहे.

छायाचित्रांमुळे या स्टेडियमचे बाहेरचे रूप जगभर परिचित झाले असले, तरी त्याची खरी थोरवी प्रेक्षकसज्जांच्या रचनेत आहे. एकावर एक असे तीन सज्जे असून त्यांचा चढ खालून वर अनुक्रमे सुमारे २४, ३० आणि ३४ अंश असा वाढत जातो. सर्वांत वरच्या सज्जाच्या पायऱ्या उतरताना कठडा धरावासा वाटतो, पण त्या चढामुळेच पुढच्या रांगेतील माणसाचे डोके आड येत नाही आणि बचावफळी चेंडूबरोबर कशी सरकते, हे दूरच्या खुर्चीवरूनही स्पष्ट दिसते. दक्षिणेकडील भागात कट्टर समर्थक उभे राहून सामना पाहतात. एकूण क्षमता ७५,००० आहे. उभ्याच्या जागी खुर्च्या बसवल्यास ती सुमारे ७०,००० वर येते.

दर्शनी भाग आणि छत मिळून अडीच हजारांहून अधिक चौकटी फुगीर उशांनी झाकल्या आहेत. या उशा इटीएफई नावाच्या, सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या पापुद्र्याच्या असून त्यांत सतत हवा भरून ताण राखला जातो. छतावरच्या उशा पारदर्शक आहेत, कारण गवताला ऊन मिळणे आवश्यक असते. बाहेरच्या उशा आतून उजळतात : बायर्नसाठी लाल, राष्ट्रीय संघासाठी पांढऱ्या, आणि १८६० म्युनिक २०१७ पर्यंत येथे खेळत असताना त्यांच्या सामन्यांना निळ्या.

२००६ च्या विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना येथेच झाला व त्यात जर्मनीने कोस्टा रिकाला ४-२ असे हरवले. युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेच्या २०१२ च्या अंतिम सामन्यात मात्र बायर्नला स्वतःच्याच मैदानावर चेल्सीकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हार पत्करावी लागली. याच स्पर्धेचा २०२५ चा अंतिम सामनाही येथे झाला व तो पॅरिस सेंट जर्मेनने इंटर मिलानविरुद्ध ५-० असा जिंकला. अशा स्पर्धांच्या वेळी अलायंझ या प्रायोजक कंपनीचे नाव वापरता येत नसल्याने स्टेडियमचा उल्लेख वेगळ्या नावाने केला जातो.

शहराच्या मध्यभागातून यू-६ ही भुयारी रेल्वे फ्रॉटमानिंग स्थानकापर्यंत जाते. तेथून पुढे सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचे प्रशस्त पटांगण चालत पार करावे लागते. वाहनतळ याच पटांगणाखाली असल्याने पायी येणारी गर्दी आणि मोटारी एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. ए-४ कागदापेक्षा मोठी पिशवी सामन्याला आत नेता येत नाही. सामना नसताना मार्गदर्शकासोबत खेळाडूंच्या खोल्या व मैदानाकडे नेणारा बोगदा पाहता येतो, आणि २०१२ मध्ये सुरू झालेले बायर्नचे संग्रहालयही याच इमारतीत आहे.